भोंग्यावर चालणारा बूस्टर

माझ्या दुकानात विजेचा दाब सावरायचा बूस्टर घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी स्टुलावर बसवत असे आणि दोन प्रश्न विचारत असे. यंत्र कोणतं, हा पहिला. तुमच्या घरची लाइन कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेकांना येई. दुसऱ्याला गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघे, जसं काही मी त्याच्या बायकोचं वय विचारलं आहे. "लाइन म्हंजे लाइन, मिस्त्री. खांबावरून येते ते." मग मी म्हणे, "आज घरी जा. उद्या मी मीटर घेऊन येतो, दिवसभर तुमच्या वसरीत बसतो, अन् मंग सांगतो कोणता बूस्टर पाह्यजे." एवढं ऐकून निम्मी गिऱ्हाइकं उठून जात. उरलेल्या निम्म्यांची यंत्रं मात्र जळत नसत.

तिसरा प्रश्न मी छप्पन सालच्या डिसेंबरानंतर विचारायला लागलो. तो मला कोणत्या पुस्तकात सापडला नाही. माझ्याच दुकानात, माझ्याच टेबलावर, माझ्याच हातून झालेल्या चुकीत सापडला. तीस वर्षं लोकांना शहाणपण शिकवून खाल्लं, आता त्याची किंमत कोणी मोजली तेही सांगून टाकावं म्हणतो.

आधी थोडं धंद्याबद्दल. मी बोरगाव मेघेचा. लढाईच्या काळात फौजेत गेलो आणि तिथल्या वायरलेसच्या वर्कशॉपात विजेचं काम शिकलो. परत आलो तेव्हा हातात कला होती आणि आमच्या वस्तीतल्या माणसाने हातात मीटर धरलेला पाहण्याची वर्ध्याला सवय नव्हती. पहिलं वर्षभर लोक रेडिओ दाखवायला येत आणि विचारत, "मिस्त्री कुठी गेले?" मी म्हणे, "तुमच्या समोर बसले आहेत." दुसऱ्या वर्षी विचारणं बंद झालं. काम चोख असलं की माणसं बाकीचं विसरतात असं मी म्हणणार नाही, पण रेडिओ बोलायला लागला की निदान गप्प बसतात.

विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज. यंत्राच्या पाठीवर दोनशे तीस लिहिलेलं असतं, म्हणजे त्याला तेवढाच दाब मानवतो. कमी मिळाला तर रेडिओ कुजबुजतो, दिवा लाल होतो, मोटार गुरगुरते पण फिरत नाही आणि न फिरताच तापून जळते. जास्त मिळाला तरी जळतंच, फक्त लवकर. आता आमच्या गावचं वीजघर लहान, तारा बारीक, आणि दुकानापासून हाकेच्या अंतरावर कापसातली सरकी काढणारी जिन. जिनवाल्या शेठजींनी जुनं वाफेचं इंजिन काढून विजेची भलीमोठी मोटार बसवली होती. दिवाळी ते होळी कापसाचा हंगाम. मोटार चालू झाली की आमच्या गल्लीची लाइन एकशे सत्तरवर यायची. दुपारच्या सुटीत मोटार बंद झाली की उडी मारून दोनशे चाळीस. दिवसातून चार वेळा हा चढउतार. फुकटचा पाळणाच म्हणा.

याला उपाय दोन. एक खटक्याचा बूस्टर. लोखंडी पेटी, पोटात ट्रान्सफॉर्मर, तोंडावर मीटर आणि सात खाचांचा खटका. लाइन खाली गेली की खटका एकेक खाच वर चढवायचा, लाइन वर आली की खाली आणायचा. या पेटीला स्वतःची अक्कल नसते, अक्कल फिरवणाऱ्याने पुरवायची असते. दुसरा आपोआप चालणारा. तो तेव्हा परदेशातून यायचा. उचलायला दोन माणसं लागत, दिवसभर घूं करत राही, आणि हिवाळ्यात इतका ऊबदार की मांजर त्याच्यावर झोपे. पण लाइन एकशे सत्तर असो की अडीचशे, हा आपला दोनशे तीस देत राही. भारी महाग, म्हणून लोकांचा जीव खटक्यावर.

खटका सगळ्यांनाच हवा असायचा, गरज असो वा नसो. रोहण्याचे एक पाटील आले. लेकीच्या लग्नात रेडिओ द्यायचा होता आणि सोबत बूस्टर. मी विचारलं, "रोहण्यात लाइन आली का?"

"आली नाई. पन येईन ना. तवा धावपळ कोन करन?"

"मंग कमीत कमी किती लिहू?"

पाटलांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "शून्य."

"अन् जास्तीत जास्त?"

"ते बी शून्यच धरा सध्या."

इतकी एकसारखी लाइन अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाची नव्हती. मी त्यांना बॅटरीवरचा रेडिओ घ्यायला सांगितला. त्यांना तो अपमान वाटला. बूस्टर त्यांनी दुसरीकडून घेतलाच, आणि बरीच वर्षं त्यांच्या जावयाच्या घरी त्याच्यावर पानाचा डबा ठेवलेला मी पाहिला आहे.

दुसरे वडनेरचे गृहस्थ, त्यांची हिंगणघाटात पिठाची गिरणी होती. मोटार तीनदा जळली होती. त्यांना माझ्याकडचा सगळ्यात मोठा बूस्टर हवा होता. मी गिरणीत दिवसभर बसलो, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालो आणि संध्याकाळी सांगितलं, "तुमाले बूस्टर नाई, तार पाह्यजे."

"तार तं आहे ना."

तार होती. खांबापासून निघून कडुनिंबातून वाट काढत, चार ठिकाणी हाताने पीळ घालून जोडलेली, सुतळीएवढी जाड. खांबावर दोनशे वीस होते, मोटारीपाशी पोचेपर्यंत एकशे ऐंशी. बाकीचे त्या कडुनिंबात तापत होते. मी जाड तार ओढून दिली, मोटार फिरायला लागली, पण गृहस्थ खट्टू. शेजारच्या गिरणीवाल्याकडे लाल दिवा लागणारी पेटी होती आणि यांच्याकडे नुसती तार. शेवटी मी भिंतीवर एक मीटर आणि लाल दिवा बसवून दिला. त्यानंतर ते खूश झाले. धंद्यात कधीकधी माणसाची लाइनही सरळ करावी लागते.

आणि एक डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यात फ्रिज आला, त्यात कुत्रा चावल्यावरची आणि सापाची इंजेक्शनं राहायची. डॉक्टर म्हणाले, खटक्याचाच द्या, कंपाउंडर असतोच इथे. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, कंपाउंडर रविवारी घरी जातो. फ्रिज नाई जात." ते हसले आणि आपोआप चालणारा घेतला. तो फ्रिज मी त्या दवाखान्यात म्हातारा होताना पाहिला. एवढी समज मला दुसऱ्याच्या बाबतीत होती. स्वतःच्या दुकानात मात्र दिव्याखाली अंधार.

कारण माझ्याकडे उदेभानभाऊ होता. माझा थोरला भाऊ. जिनमध्ये मोटारीचा मेन दांडा त्याच्या हातात, आणि भोंगाही त्याच्याच हातात. रीत अशी होती की आधी भोंगा वाजवायचा, मग कामगार आपापली यंत्रं रिकामी करणार, आणि पाच मिनिटांनी भाऊ दांडा खाली ओढून मोटार बंद करणार. ती पाच मिनिटं म्हणजे माझं भांडवल. मी दुकानात खटक्याचाच बूस्टर ठेवला होता आणि गल्लीतल्या सगळ्यांना एकच मंत्र दिला होता: भोंगा झाला की खटका खाली. फोटो स्टुडिओवाला, शिंप्याकडचा रेडिओ, हॉटेलातला पंखा, सगळे भाऊच्या भोंग्यावर चालत. भोंगा झाला की गल्लीभर खट्‌खट्‌ आवाज व्हायचे. गिऱ्हाइकांना मी ते ऐकवत असे. परदेशातल्या लोकांनी एवढी जड पेटी बनवून जे साधलं, ते मी एका भोंग्यात साधलं आहे, असंही सांगत असे. भाऊ त्याहून वर. तो म्हणे, "अख्खी गल्ली माह्या हातावर चालते. एक दिस भोंगा नाई वाजवला तं तुमची सगळ्यांची दिवाळी."

आम्ही हसत होतो.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही नागपूरला गेलतो. भाऊ, मी, घरच्या बाया, अर्धं बोरगाव. पांढरे कपडे घालून, शिदोऱ्या बांधून. लाखो माणसांत बसून दीक्षा घेतली.  परत येऊन वर्धा स्टेशनवर उतरल्यावर भाऊ म्हणाला, "आता कोनी जात इचारली तं काय सांगाचं ते समजलं." इतकंच. त्यानंतर तो जिनमध्ये भोंगा वाजवतानाही ताठ उभा राहायला लागला, असं मला तरी वाटायचं.

दोन महिनेही झाले नव्हते. डिसेंबरातला दिवस, हंगाम ऐन भरात, जिनच्या आवारात कापसाच्या बैलबंड्यांची रांग. दुपारच्या जरा आधी स्टेशनवर रेल्वेत मजुरी करणारा एक खलाशी सायकल दामटत जिनच्या फाटकाशी आला आणि तिथल्या तिथे खाली बसला. दिल्लीहून बातमी आली होती. बाबा गेले.

मला ते फाटकातून पळत आलेल्या दोन बायांनी सांगितलं. त्यांच्या केसांत रुई होती. मी रेडिओ लावला. लाइन एकशे अडुसष्ट होती, खटका सहाव्या खाचेवर. माणसं येऊ लागली. दुकान भरलं, पायऱ्या भरल्या, रस्त्यावर माणसं उभी राहिली. कोणी मोठ्याने रडत नव्हतं, कारण अजून कोणाला खरं वाटत नव्हतं. रेडिओ सांगेल तेव्हा खरं.

आणि रेडिओकडून आणखी एक गोष्ट हवी होती. शेवटचं दर्शन कुठे? कोणी म्हणे नागपूर, दीक्षा तिथेच झाली, तिथेच आणतील. कोणी म्हणे मुंबई. एक जण म्हणाला दिल्लीलाच होईल, आपल्याला कुठलं मिळतं. नागपूरची गाडी दुपारची होती, मुंबईची सांजेची. दोन्ही दिशा एकमेकींच्या उलट. चुकीच्या गाडीत बसलेला माणूस परत फिरून वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. म्हणून शंभर-सव्वाशे माणसं एका लाकडी खोक्याकडे बघत उभी होती.

रेडिओतल्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, केव्हाच तापले होते; बातम्यांची वेळ झाली आणि खरखरीतून निवेदकाचा आवाज लागला. त्याने बातम्या सुरू करत असल्याचं सांगितलं. आणि तेवढ्यात रेडिओच्या काचेमागचा दिवा पांढराफटक झाला. आवाज एकदम मोठा झाला, मग नुसती घरघर. मेण जळल्याचा वास आला. मग काहीच नाही.

मी मीटरकडे पाहिलं. लाइन दोनशे चाळीस. जिनचा आवाज बंद होता, आणि भोंगा झालाच नव्हता. जवळजवळ सगळे इकडे आले, कामावर फारसं कोणी उरलं नाही, म्हणून मोटार थांबली. मोटार थांबली म्हणून लाइन चढली. आणि माझा खटका सहाव्या खाचेवर तसाच. ही पेटी काही ठरावीक आकडा मिळवत नाही, आलेल्या दाबाच्या हिशेबात मिळवते. एकशे अडुसष्टात साठ मिळवणारी खाच दोनशे चाळिसात ऐंशीच्या वर मिळवते. बिचाऱ्या रेडिओला सव्वातीनशे मिळाले. फ्यूज काय करत होता म्हणाल, तर फ्यूजच्या जागी मीच जाड तार घातली होती, वारंवार उडतो म्हणून. ही गोष्ट मी एकाही गिऱ्हाइकाला कधी करू दिली नव्हती.

माझा हात खटक्यापासून वीतभर लांब होता. हे मुद्दाम सांगतो. मी दुकानात होतो, जागा होतो, आणि धंद्यातला जाणकार होतो.

गर्दीतून वाट काढत भाऊ आत आला. मागे जिनमधले उरलेसुरले लोक.

"काय सांगते रेडिओ? नागपूर का मुंबई?"

"रेडिओ जळला, भाऊ."

"कसा जळला?"

 त्याची नजर बूस्टरवर गेली. सहावी खाच त्याला ओळखता येत होती, ते मीच त्याला शिकवलं होतं. त्याने खटक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंडावर हात ठेवला.  

मग तो म्हणाला, "किती टाइम लागन?"

"अर्धा घंटा."

"अर्ध्या घंट्यात बोलन?"

"बोलन."

हे मी छातीठोक सांगितलं आणि ते खरं होतं. फौजेत आम्हाला तंबूत, कंदिलाच्या उजेडात, शिव्या खात सेट दुरुस्त करायला लावत. मी रेडिओ पालथा घातला. दिवा गेला होता, त्याचं काही नाही. पहिला कंडेन्सर फुटला होता, तो माझ्याकडे होता. ट्रान्सफॉर्मरला वास येत होता पण तो जिवंत होता. विजेचं तोंड एका दिशेला वळवणारा व्हॉल्व्ह मात्र गेला होता, आणि तसला व्हॉल्व्ह माझ्याकडे शिल्लक नव्हता. नागपूरहून मागवावा लागला असता.

मांडणीवर शेठजींचा रेडिओ होता. जिनवाल्या शेठजींचा. काटा फिरवायची दोरी तुटली म्हणून आला होता, बाकी सेट ठणठणीत. त्यात तोच व्हॉल्व्ह. गिऱ्हाइकाच्या सेटातला भाग काढून दुसऱ्यात घालणं हे आमच्या धंद्यातलं महापाप. असं करणाऱ्या एका कारागिराला मी दुकानातून काढलं होतं. मी शेठजींच्या रेडिओचं मागचं पुठ्ठं उघडलं आणि व्हॉल्व्ह काढून घेतला. डोळ्याची पापणी हलली नाही.

कंडेन्सर बसवत होतो तेवढ्यात पायरीवरची माणसं बाजूला झाली. शेठजी स्वतः आले होते. मोटार बंद कशी पडली ते बघायला निघाले होते, गर्दी पाहून इकडे वळले.

"उदेभान, मोटार कुणाच्या सांगण्यावरून बंद केली?"

"कोनाच्याच नाई, शेठजी. माह्या हातानं केली."

शेठजींनी त्याच्याकडे बघितलं. मग त्यांची नजर मांडणीवर गेली. "और ये रेडिओ तो मेरा है."

"हो जी, शेठजी," मी खाली मान घालून काम करत म्हणालो. "याच्यातला एक व्हॉल्व्ह घेतला. चार दिवसांत नवा बसवून देतो."

"पूछना तो था."

"इचारायले टाइम नव्हता."

मी तारेवर वितळलेलं कथिल टेकवून पुढचा सांधा जोडला. शेठजी परत गेले नाहीत. आतही आले नाहीत. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले.

अर्धा तास म्हणालो होतो, पंचवीस मिनिटांत रेडिओ उभा केला. खटका शून्यावर आणला, दोनदा तपासला, मग बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. पुढच्या बातम्यांना अजून वेळ होता, तोवर माणसं तिथेच उभी राहिली. नागपूरची गाडी शिट्टी देऊन निघून गेली ते सगळ्यांनी ऐकलं. काही जण पळत गेले असतील, बहुतेक थांबले. माझ्या शब्दावर थांबले, आणि ते ओझं काय होतं ते मला माहीत आहे.

मग बातम्या लागल्या. आता खरं झालं. आणि मुंबईचं नाव आलं.

एक बाई खाली कोसळली, आणि तिच्यानंतर कोणी स्वतःला धरून ठेवलं नाही. शेठजी केव्हा गेले ते मी पाहिलं नाही. भाऊने दाराशी येऊन लोकांना एवढंच सांगितलं, "मुंबई. सांजची गाडी. ज्याले जमन त्यानं घरून भाकरी बांधून स्टेशनवर या." मग माझ्याकडे वळला. "तू बी चाल."

मी रेडिओकडे पाहिलं. आर्वीकडून, देवळीकडून माणसं निघाली असतील. ती स्टेशनकडे जाताना याच रस्त्याने जाणार आणि हाच प्रश्न विचारणार. उसना व्हॉल्व्ह, भाजलेला ट्रान्सफॉर्मर, या सेटाजवळ दुसरं कोणी बसू शकलं नसतं. मी म्हणालो, "तुमी जा. मांगून येनाऱ्याले सांगाले कोनी तरी पाह्यजे."

 "बरं," तो म्हणाला आणि गेला.

मी सांजेपर्यंत तिथे बसलो. माणसं येत गेली, बैलबंड्यांतून, सायकलींवर, पायी. रोहण्याकडची माणसंही आली, त्यांना तर काहीच माहीत नव्हतं, नुसतं काहीतरी झालं म्हणून निघाली होती. मी प्रत्येकाला सांगत होतो, मुंबई, सांजची गाडी. घसा बसला. गाडी गेली तेव्हा मी दुकानातच होतो. त्या गाडीत मी नव्हतो, ही गोष्ट मला अजूनही बोचते. चूक केली नसती तर बातमी वेळेवर कळली असती, कोणाला तरी रेडिओजवळ बसवून मीही गेलो असतो, असा हिशेब मी पुष्कळदा मांडून पाहिला आहे. तो प्रत्येक वेळी माझ्यावरच येऊन थांबतो.

शेठजींना चार दिवसांत नवा व्हॉल्व्ह बसवून दिला.  पुढे वर्षभर त्यांच्याकडून काम आलं नाही, तेव्हा मी समजलो की संपलं. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या घरी फ्रिज आला आणि बोलावणं आलं. मी यंत्र विचारलं, लाइन विचारली, आणि मग तोवर सवयीचा झालेला तिसरा प्रश्न विचारला: लाइन अचानक चढेल तेव्हा खटक्याजवळ कोण असेल, आणि त्या घडीला त्याचं मन कुठे असेल? इतर गिऱ्हाइकं या प्रश्नाला हसत. काही म्हणत, मिस्त्री म्हातारा झाला. शेठजी हसले नाहीत. ते म्हणाले, "अपने आप चलनेवाला ही दे दो." त्या दिवशी चौकटीत उभ्या असलेल्या माणसाला उत्तर माझ्याइतकंच माहीत होतं.

माझ्या स्वतःच्या बूस्टरवर मी पुढच्याच आठवड्यात फौजेच्या भंगारातला एक रिले बसवला. दाब अडीचशेच्या वर गेला की तो लाइन तोडून टाकी. फ्यूजच्या जागची जाड तार काढली. गल्लीत सगळ्यांना तसले रिले लावून दिले. स्टुडिओवाल्याचे त्या दिवशी दोन मोठे दिवे गेले होते, तेही भरून दिले. धंद्यापुरतं एवढं पुरे होतं.

पण भाऊचं सांगायचं राहिलं. तो मुंबईहून परत आला आणि घरी न जाता आधी दुकानात आला. डोळे खोल गेलेले, पायांत धूळ. तेव्हा रिले बसवायचा होता, बूस्टर तसाच टेबलावर होता. मी त्याला पाणी दिलं. तो प्यायला. मग मी विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला राहवत नव्हतं.

"भाऊ, त्या दिवशी भोंगा काऊन नाई वाजवला?"

त्याने पेला खाली ठेवला.

"हात नेलता मी बटनावर," तो म्हणाला. "पन तो भोंगा सुटीचा आहे ना रे. तो झाला का बाया हासत बाहेर येतेत, डबे उघडतेत. बाबा गेले, अन् मी सुटीचा भोंगा वाजवू? नाई वाजवला. दांडा तेवढा ओढला." मग म्हणाला, "तुह्या रेडिओचं ध्यानातच नाई आलं."

"माह्याही नाई आलं, भाऊ."

तो उठला. दाराशी थांबून त्याने विचारलं, "मांगून लोक आलते?"

"आलते. सांजेपर्यंत येतच होते. सगळ्यांले सांगितलं."

"अन् लाइन?"

सवयीने विचारलं त्याने. रोज संध्याकाळी विचारायचा, आज किती खाली गेली म्हणून.

"दोनशे चाळीस. त्या दिवशी दुपारपासून सांजेपर्यंत. काटा हालला नाई."

मोटारीच्या दांड्यावर आयुष्य गेलेला माणूस तो. काटा हलला नाही म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या लाइनीवरची एकही जिन, एकही गिरणी त्या दुपारी चालली नव्हती. तो तिथेच चौकटीला टेकला आणि हमसून रडला. मुंबईत रडला असेल नसेल, मला माहीत नाही. माझ्यासमोर तो तेव्हा रडला.

मग तोंड धुऊन जिनकडे गेला. थोड्या वेळाने कामावर हजर व्हायचा भोंगा झाला, मोटारीने वेग धरला, काटा हळूहळू एकशे सत्तरवर उतरला, आणि मी खटका एकेक खाच वर चढवला.